सगुणाचं प्रस्थान

आम्ही ग्वाल्हेर सोडून कायमचे भोपाळला जायला निघालो, आणि पहिल्या दिवशी समोरच्या घरापर्यंत पोचलो.

दोन घरांच्या मध्ये एक गल्ली. तीही इतकी अरुंद, की समोरच्या मिश्राइन चाचींनी फोडणी दिली की शिंका आम्हाला यायच्या. एवढी गल्ली नीट ओलांडायला आमच्या कुटुंबाला जवळजवळ आठवडा लागला. त्याचं खापर सगळ्या इंदरगंज मोहल्ल्यानं आमच्या मांजरीच्या डोक्यावर फोडलं. त्यात पहिली मी.

ही गोष्ट राज्यांची फेररचना झाली त्या वर्षीची. मी लग्न होऊन लष्करात आले (लष्कर हा ग्वाल्हेरचाच भाग, पण माहेरच्या शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं की पोरीला फौजेत दिली), तेव्हा आमचे हे रियासतीचे कारकून होते. पुढं रियासत विलीन झाली आणि हे मध्यभारताचे कारकून झाले. आता मध्यभारतही विलीन होऊन त्याचा मध्यप्रदेश व्हायचा होता. माणूस तोच, टेबल तेच, कानावरची पेन्सिलही तीच, फक्त अधूनमधून शिक्का बदलायचा. या खेपेला मात्र शिक्क्याबरोबर टेबलही हलणार होतं, थेट भोपाळला. आणि टेबलामागोमाग हे.

"जावं लागेल म्हणतायत," हे जेवता जेवता म्हणाले. ह्यांची बोलायची तऱ्हाच अशी. घराला आग लागली तरी 'आज जरा ऊब वाटतेय' एवढंच म्हणतील.

"कधी?" मी विचारलं.

"दिवाळी झाली की. क्वार्टर देतायत म्हणे. स्वयंपाकघरात नळ आहे."

नळ म्हटल्यावर माझ्या हातातली पळी तशीच राहिली. इथं आम्ही खालच्या चौकातून बादल्या वर आणत होतो. मी मनातल्या मनात निम्मं सामान बांधूनसुद्धा टाकलं.

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "चांगला मौका आहे. जा की."

"जा की म्हणजे? आणि तुम्ही?"

"सगुणा आली तर मी येणार. ती नाही तर मी नाही. सीधी गोष्ट आहे."

सगुणा म्हणजे आमची मांजर. करड्या रंगाची, एका कानाला खाच, दात मोजकेच उरलेले, आणि वय चौदाच्या पुढं. या घरात ती माझ्याआधी आलेली होती आणि ही गोष्ट ती मला कधी विसरू देत नसे. झोपायची माईंच्या मांडीवर. ह्यांच्या पायांत घुटमळायची. मी दिसले की पाठ फिरवून बसायची. तिचं दूध मी गाळायची, तिच्या पोळीचे तुकडे मी साईत कुस्करायची, तिनं फोडलेल्या बरण्यांचे तुकडेही मीच उचलायची. पण मान म्हणून काही नाही. मीही तिला 'भवाने' याखेरीज दुसऱ्या नावानं फारशी हाक मारत नसे. थोडक्यात, एका घरात दोन सुना असाव्यात आणि थोरलीनं धाकटीला मोजू नये, असं ते होतं.

"माई नाहीत तर मग मीही नाही जात," हे ताक ओरपत म्हणाले. "इथंच कुठल्यातरी लहानशा कचेरीत, खालच्या जागेवर का होईना, घ्या म्हणून अर्ज करतो."

झालं. नळ मांजरीच्या शेपटाला बांधला गेला.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. सासूला मागं ठेवून नव्या गावी नवा संसार मांडायचा म्हटलं की पुष्कळ सुनांना मनातून उकळ्या फुटतात. मला नाही फुटल्या. माझी आई मी परकऱ्या वयात असताना गेली. भाकरी थापायला, कासोटा नीट घालायला, भांडणात रडू न येता बोलायला, मला सगळं माईंनी शिकवलं. मला नळ हवा होता, पण त्या नळाखाली पितळी घासताना 'अगं, किती पाणी सांडतेस' म्हणणारं माणूसही हवं होतं. तेव्हा मी ठरवलं, की माई येणार, म्हणजे सगुणा येणार. आणि मी एकदा ठरवलं की मग ब्रह्मदेव आला तरी त्याला मी आधी ट्रंकेवर बसायला लावते, झाकण लागावं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मिश्राइन चाचींनी गच्चीवरून आपलं मत कळवलं. "बहू, काहे को हलकान होती हो? कुत्ता आदमी का, बिल्ली मकान की. ये नईं जाने वाली."

"जाएगी चाची," मी म्हटलं. "देखती जाओ."

मी बाजारातून झाकणाचा वेताचा पेटारा आणला. तळाशी माईंच्या जुन्या लुगड्याची घडी घातली, त्यावर सायीची वाटी ठेवली. सगुणा आली. तिनं वाटी बाहेरूनच पंजानं ओढून घेतली, साय चाटली, झाकण मिटलं आणि त्याच्यावर चढून झोपली. रोज हेच. तिला आत बसायची सवय लावता लावता मला रोज झाकण पुसायची सवय लागली.

"वर बसते म्हणजे पेटारा तिला तत्त्वतः मान्य आहे," हे म्हणाले. "आता फक्त तपशिलाचा प्रश्न उरला." सरकारी नोकरीत माणसाची विचारशक्ती अशी होते.

मग निघायचा दिवस ठरला, तिकिटं आली, आणि जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितलं की तो दिवस नेमका अमावास्येचा आहे.

माईंनी कपाळाला हात लावला नाही, की आरडाओरडा केला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आधी प्रस्थान ठेवू."

आता प्रस्थान कुणी ठेवत नाही, म्हणून सांगायला हवं. प्रवासाच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रत्येक प्रवाशाचं एक गाठोडं बांधायचं. त्याच्या अंगावरचं कापड, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. ते जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की तुम्ही शास्त्राप्रमाणे निघालात. मग अमावास्या असो की ग्रहण, जाताना वाटेत गाठोडं उचलायचं आणि पुढं व्हायचं. अट एकच, की घराबाहेर पडलेलं प्रस्थान पुन्हा घरात आणायचं नाही. आणलं तर मोडलं. मग पुन्हा मुहूर्त, पुन्हा गाठोडी.

मिश्राइन चाचींचं घर आमच्या दक्षिणेला. भोपाळही दक्षिणेला. देवानंच सोय केली म्हणायची!

"आणि सगुणाचं?" माईंनी विचारलं.

जोशीबुवा जरा अडखळले. "मांजराचं गाठोडं कसं बांधणार, माई? ती काही नेसत नाही."

"प्रवासी तर आहे ना?"

"आहे खरी." त्यांनी शेंडीवरून हात फिरवला. "मग तिनं स्वतःच जाऊन राहावं. गाठोड्यापेक्षा प्रत्यक्ष जाणं केव्हाही श्रेष्ठ. फक्त गाडीच्या दिवसापर्यंत तिनं या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आली, तर सगळ्यांचंच मोडलं."

"ठीक," मी म्हटलं. त्या वेळी ते मला फारच सोपं वाटलं.

सोमवारी सकाळच्या मुहूर्तावर आम्ही निघालो. हे आपलं गाठोडं काखोटीला मारून, माई आपलं गाठोडं पदराखाली धरून, आणि मी पेटारा डोक्यावर घेऊन. पेटाऱ्यात सगुणा, आणि पेटाऱ्यातून असा काही आवाज, की गल्लीतल्या लोकांना वाटलं आम्ही कुणा बाईला पळवून नेतोय. चाचींनी तिला जवळ घेऊन मलई घातली. माईंनी दोन्ही गाठोडी चाचींच्या देवघरात ठेवली. सगळं यथासांग झालं आणि आम्ही घरी परत आलो.

मी पदर खोचून कामाला लागले. मला भिंतींतले खिळे काढायचे होते. (खिळे आमचे, भोकं घरमालकाची. मी कुणाचं ठेवत नाही आणि कुणाला सोडत नाही.) दुसऱ्या खिळ्याला हातोडीचं नाक लावलं आणि खाली पाहिलं, तर सगुणा! गच्चीवरून गच्चीवर, तिथून जिन्यानं, आणि माझ्याकडे पाठ करून खोलीच्या मधोमध बसलेली.

"मोडलं," माई दारातून म्हणाल्या.

जोशीबुवांनी पुढचा मुहूर्त बुधवारचा काढला. पुन्हा गाठोडी, पुन्हा पेटारा, पुन्हा तो आवाज. या वेळी मी चाचींच्या गच्चीचं दार लावून घेतलं आणि खिडकीला फळी अडवली. सगुणा चाचींच्या चुलीशी बसली, डोळे मिटले, मलईनं मिशा पांढऱ्या झालेल्या. मी निर्धास्त होऊन घरी आले आणि फडताळातले कागद काढायला घेतले. कुणीतरी चाचींकडे दूध घालायला आलं, दार उघडलं, आणि आमची वृद्धा त्याच्या दोन पायांमधून निसटली. गल्ली ओलांडताना ती ह्यांना आडवी गेली. हे कचेरीत निघाले होते. ते चार पावलं मागं आले, थुंकले, उभे राहिले, आणि मग सगुणाच आहे हे पाहून जोशीबुवांच्या घरी गेले.

"घरचं मांजर आडवं गेलं तर अपशकुन धरावा का?" त्यांनी विचारलं.

"घरचं असेल तर अपशकुन नव्हे, ती सवय," जोशीबुवा म्हणाले. "पण उंबऱ्याच्या आत गेली का?"

"आमच्या हिनं मागून सांगितलं, फडताळात बसलीय म्हणून."

"मग मोडलं."

एव्हाना गल्लीत आमचं प्रस्थान हा करमणुकीचा विषय झाला होता. फूलबागेकडे फिरायला जाणारे म्हातारे मुद्दाम आमच्या गल्लीवरून जायला लागले. एकानं मला विचारलंही, "बाई, आज भोपाळ का नाही आलं अजून?" मी त्यांना म्हटलं, "येतंय, वाटेत आहे." दातांवर दात दाबून माणूस जेवढं गोड बोलू शकतं तेवढं गोड.

बुधवारी दुपारी माईंनी आपली ट्रंक उघडली आणि ह्यांचे सदरे वेगळे काढून दुसरीकडे ठेवायला लागल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं दोघांचं तुम्ही न्या. माझं राहू दे. मिश्राइन म्हणते, माझ्याकडे येऊन राहा. वरचा कमरा खाली आहे."

"माई..."

"सूनबाई, रागानं नाही सांगत. म्हातारं जनावर आहे ते. त्याला इथंच मरायचंय, तर मी कोण ओढून नेणारी? मलाही आता काय, इथं काय आणि तिथं काय."

त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की मला तिथं उभं राहवेना. मी मोरीत गेले, एक बादली उगाच विसळली, थोडी रडले, आणि डोळे पुसता पुसता मला तोड सुचली. रडल्यावर मला नेहमीच काहीतरी सुचतं. दरवेळी ते बरं असतंच असं नाही.

मांजर मकानाचं असतं ना? मग मकानच ठेवायचं नाही! सगळं घर, पळीपंचपात्रापासून पाट्यावरवंट्यापर्यंत, चाचींकडे हलवायचं. इकडे नुसत्या चार भिंती. रिकाम्या भिंतींकडे मांजर कशाला येईल? आणि आम्हीही तिकडेच राहायचं गाडीच्या दिवसापर्यंत. मग उंबरा ओलांडायचा प्रश्नच नाही.

हे म्हणाले, "म्हणजे भोपाळला जायच्या आधी आपण मिश्राइन चाचींकडे जायचं?"

"हो."

"सगळ्या सामानासकट?"

"हो."

"मग तेच सामान तिथून पुन्हा उचलायचं?"

"तुमच्या सरकारनं इतकी वर्षं राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला नेली, तेव्हा कुणी विचारलं का असं?"

राजधानीचा दाखला दिला की सरकारी माणूस गप्प बसतो.

चाचींचं मन मोठं, घर लहान. "ले आओ, हमाये यहाँ का कमी है," त्या म्हणाल्या, आणि शुक्रवारच्या मुहूर्तावर आमचं अख्खं बिऱ्हाड गल्ली ओलांडू लागलं. आधी पलंग. पलंग चाचींच्या दारातून जाईना, म्हणून दार काढलं. दार काढल्यावर चौकटीत ट्रंका रचल्या. ट्रंकांवर गाद्या, गाद्यांवर पाट, पाटांवर देव. चाचींचे यजमान बाहेरून आले, त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं आणि पुढच्या घरात शिरले. ते घर आपलं नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. आमचा पाटा ज्या कोपऱ्यात ठेवला त्या कोपऱ्यात त्यांचा हुक्का होता, असं नंतर कळलं. होता म्हणजे होता.

सगुणाला मी शेवटी आणलं. सगळं ओळखीचं सामान बघून ती चक्क खूश झाली. प्रत्येक ट्रंकेला गाल घासला, गाद्यांच्या डोंगरावर चढली आणि तिथं वेटोळं करून झोपली. मी चाचींकडे बघितलं. चाची माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मान गए, बहू."

मला इतकं बरं वाटलं की मी तडक उठले, केरसुणी घेतली आणि म्हटलं, "घर झाडून, मालकाला किल्ली देऊन येते. आलेच."

रिकामं घर फार मोठं दिसत होतं. मी कोपऱ्याकोपऱ्यातून केर काढला. एक खिळा राहिला होता तो हातानं हलवून पाहिला. चुलीच्या मागं माझा हरवलेला चिमटा सापडला. तिथंच बसून मी तो पदरानं पुसत होते, तर पाठीमागून हलकेच घुर्रर झालं. मी मान वळवली नाही. मला माहीत होतं.

"भवाने," मी म्हटलं, "आता काय राहिलंय इथं? पलंग नाही. चूल थंड आहे. दूध नाही. माई नाहीत. तुला हव्यात तरी काय, भिंती? घे, चाट भिंती." गाडी परवाची होती. या मांजरीपायी माई इथं राहणार, माईंपायी हे राहणार, आणि पुढं मी जन्मभर चौकातून बादल्या आणताना त्या एका मांजरीला शिव्या देत राहणार. "जरा माझ्यावर दया कर गं," मी म्हटलं. सगुणानं माझ्याकडे पाठ केली आणि माझ्या पसरलेल्या पदरावर बसली.

दारात सावली पडली. माई आल्या होत्या. त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. या खेपेला त्या स्वतःच प्रस्थान ठेवून निघाल्या होत्या ना.

"मोडलं, माई," मी म्हटलं. "मी काय करू आता, तुम्हीच सांगा."

माई नुसत्या मांजरीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, मिश्राइनच्या देवघरात बंडूचं गाठोडं आहे. माझं आहे. तुझं कुठाय?"

"माझं?"

"तू येते आहेस ना भोपाळला?"

मी सगळ्यांची गाठोडी बांधली होती. ह्यांच्या गाठोड्याला दोनदा गाठ मारली होती. मांजराचं प्रस्थान कसं ठेवावं यावर शास्त्रार्थ घडवून आणला होता. आणि स्वतःचं म्हणून एक सुपारीसुद्धा कुठं ठेवली नव्हती. मी जाणाऱ्यांत आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर घेऊन जाणारी!

"सोमवारी सगुणा आली तेव्हा तू कुठं होतीस?" माईंनी विचारलं.

"इथं. खिळे काढत."

"बुधवारी?"

"फडताळापाशी."

"आणि आता?"

मी हातातल्या चिमट्याकडे पाहिलं.

"ऊठ, आणि बाहेर ये," माई म्हणाल्या. "मागं बघू नकोस."

मी पदर सोडवून घेतला, उठले, उंबरा ओलांडला, गल्लीत आले. मागं बघायची गरज पडली नाही. सगुणा माझ्या पुढं होती. शेपूट उभी करून, जणू तिलाच मला कुठंतरी पोचवायचं होतं. मी चाचींच्या दारात थांबले, तीही थांबली. परीक्षा म्हणून मी तशीच जोशीबुवांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तर तीही आली. परत फिरले, तर तीही फिरली, आणि माझ्याकडे बघून अशा सुरात ओरडली, की एकदा काय ते ठरव बाई.

"चौदा वर्षं माझ्या मांडीवर झोपली," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला थोडी असूया ऐकू आली. "मांडी माझी गरम लागते म्हणून. समझलं मला."

"माई, ती तर माझं तोंडही बघत नाही."

"पाठ करून बसते ती. ज्याचा भरवसा असतो त्याच्याकडेच जनावर पाठ करतं. एवढी अक्कल मांजराला आहे, तुला नाही." मग त्या बोटं मोजायला लागल्या. "मी म्हटलं होतं, सगुणा जाईल तिथं मी. आता सगुणा तू जाशील तिथं. बंडू मी जाईन तिथं. म्हणजे सगळं घर तुझ्यामागं, आणि तू पळतेस खिळ्यांमागं. तू तेवढी एका जागी बस, आम्ही सगळे भोपाळला पोचतो."

जोशीबुवांना शेवटचा त्रास दिला. त्यांनी पंचांग न उघडताच सांगितलं, शनिवार सकाळ, आणि यापुढं मला विचारू नका. माईंनी स्वतःच्या हातानं माझं गाठोडं बांधलं. माझ्या जुन्या चोळीचं कापड, तांदूळ, सुपारी, हळकुंड. ते देवघरात ठेवताना त्या म्हणाल्या, "आता या बाईनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मिश्राइन, लक्ष ठेव."

तेव्हापासून गाडीची वेळ होईपर्यंत मी ट्रंकांमध्ये बसून होते. चाचींच्या खिडकीतून समोरच्या भिंतीतला तो एक खिळा स्वच्छ दिसत होता. आमचा खिळा! दोनदा मी उठले, दोनदा चाचींनी "बैठ जा, बहू" म्हणून बसवलं. ह्यांनी तर दारातच पथारी टाकली. पूर्वी मांजरीवर जेवढा पहारा ठेवला, तेवढा सगळा आता माझ्यावर बसला. आणि सगुणा? दारं सताड उघडी असतानासुद्धा ती तिथून हलली नाही. माझ्याकडे पाठ करून बसून राहिली.

अमावास्येला सकाळी टांगे आले. चाचींनी माईंना मिठी मारली, मला मारली, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "बिल्ली मकान की होती है, ये बात हम अब भी कहेंगे. पर धीरे से कहेंगे." मी त्यांच्या पाया पडले. तेव्हा मला फार रडू आलं, आणि ते लपवायला माझ्याकडे केरसुणीही नव्हती. फूलबाग मागं पडेपर्यंत मी मान खालीच ठेवली.

गाडीत सगुणानं पेटारा नाकारला, माईंची मांडी नाकारली, आणि माझ्या मांडीवर चढून झोपली. आयुष्यात पहिल्यांदाच! मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

तिकीट तपासनीस आला. "माताजी, ये क्या है?"

"बूढ़ी है बेचारी," माई म्हणाल्या. "दाँत भी नहीं हैं."

"दाँत मेरे भी कम हैं माताजी, मुझसे तो कोई काम नहीं छुड़वाता," तो म्हणाला, आणि माईंनी पुढं केलेला लाडू घेऊन कोणतं तरी दुसरं काम करायला निघून गेला.

झाशीला मला पाय हलवावासा वाटला. "हलू नकोस," माई म्हणाल्या. "उठली आणि खाली उतरून गेली तर?" बीनाला ह्यांनी चहा आणला, तो मी कोपर न हलवता प्यायले. बाजूच्या बाईनं विचारलं, बरं नाही का यांना? हे म्हणाले, "नाही, तिच्यावर जबाबदारी आहे." पुढं पुढं मला पाय आहेत की नाहीत तेच कळेनासं झालं. पण मी ठरवलं होतं की मांजर भोपाळला पोचणार, आणि मी ठरवलं की ठरवलं.

भोपाळ आलं. हमालानं ट्रंका उतरवल्या, पलंग उतरवला, पाटा उतरवला. माई ह्यांच्या खांद्याला धरून उतरल्या. सगुणानं अंग ताणलं, जांभई दिली, पायरीवरून खाली फलाटावर उडी मारली आणि पेटाऱ्याच्या झाकणावर जाऊन बसली. मी उठायला गेले आणि होते तिथंच बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. कमरेखालची बाई अजून ग्वाल्हेरलाच होती.

गाडी सुटायची घंटा झाली. शेवटी ह्यांनी मला खांद्यांकडून धरलं, हमालानं पायांकडून, आणि दोघांनी मला दारातून तिरकी करून बाहेर काढलं.

"बाबूजी," हमालानं विचारलं, "इनको सामान में गिनूँ कि सवारी में?"

"सामानात," हे म्हणाले. "सवारी असती तर आपली आपण उतरली असती."

हे सगळं घर ग्वाल्हेरहून इथवर मी आणलंय, हे त्या हमालाला चांगलं ठणकावून सांगायचं फार मनात होतं. पण डोकं खाली आणि पाय वर असताना माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही.